तीनच्या आतली अट

हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मागाहून चहाच्या ग्लासाआडून माझ्याकडे तिरकं बघत बसू नका. पण सोलोतल्या लावेयानच्या ज्या गल्लीत बारा महिने बाटिकच्या मेणाचा वास असतो, तिथं एका पोरीनं दोन ओळींची दुरुस्ती करायला घेतली आणि त्यापायी तिच्या लॅपटॉपवर तिच्या आईनं कढईभर मेण वितळवलं. चूल न पेटवता.

"लॅपटॉपवर? मेण?" टपरीवाल्या यू गिनेमनं भजी तळता तळता झारा वर धरला.

मग काय सांगतोय! मेणच. आणि तेही घट्ट, तपकिरी, जुनं. तू भजी बघ, करपतील.

तर पोरीचं नाव पिनास्ती. पोरगी म्हणायची आपली सवय. तिशी कधीच ओलांडली होती तिनं. ती पेतुंग नावाचं एक पॅकेज सांभाळायची. पॅकेज म्हणजे दुसऱ्यांच्या ॲपच्या पोटात बसून मुकाट काम करणारा हिशोबनीस. त्याला जन्माची तारीख-वेळ द्या, तो सांगणार: वार अमुक, बाजारवार तमुक. आपले पाच बाजारवार: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. लग्न असो, सुंता असो, घराचा पहिला खांब उभा करायचा असो, आपल्याकडे कुणीही काहीही करायला निघालं की आधी फोन काढतं, आणि त्या फोनच्या पोटात पेतुंग बसलेलं असतं. सगळं काम फुकटचं. बरोबर आलं तर पिनास्तीची कुणाला आठवण नाही. चुकलं की शिव्या घालायला मात्र लोकांना तिचा पत्ता बरोबर सापडायचा.

आता घात कुठं झाला ते ऐका. पिनास्तीची धाकटी बहीण तुंजुंग. तिचं सेत्योशी जमलं होतं. पोरं एकमेकांवर जीव टाकत होती, दोन्ही घरी येणंजाणं होतं, आणि येत्या रविवारी सेत्योची माणसं ताटं घेऊन रीतसर मागणी घालायला यायची होती. तेवढ्यात सेत्योच्या आईनं, बु मुरवानींनी, दोघांचे जन्मवार फोनमध्ये घातले. तुंजुंगचा आला मंगळवार पोन, सेत्योचा गुरुवार पोन. फोननं वारांच्या आकड्यांची बेरीज केली आणि लाल अक्षरांत दाखवलं: पेगात. म्हणजे फारकत.

बु मुरवानी फोन घेऊन थेट ओसरीवर आल्या. बूट काढले, चहा नको म्हणाल्या, मग दोन कप प्याल्या आणि विषयावर पडदा पाडला.

"आमच्या घरात पेगात चालत नाही हो. माझ्या नणंदेनं नाही ऐकलं. काय झालं ते सगळ्या सोलोला माहीत आहे."

"पण बु," पिनास्तीची आई म्हणाली, "आमची तुंजुंग मगरिबची अजान झाल्यावर जन्मली. सूर्य बुडाला की दिवस बदलतो, हे तुम्हाला का मी सांगायचं? ती मंगळवार पोनची नाहीच. बुधवार वागेची आहे."

"मला कळतं की. म्हणून तर मी फोनला वेळसुद्धा घातली होती. वेळ बघूनच सांगितलं असणार ना त्यानं? बाळंतिणीला काय शुद्ध असते? माणूस विसरतो. फोन कशाला विसरेल?"

कोपऱ्यात बसलेली पिनास्ती पुढं सरकली. कारण फोन विसरला नव्हता. विसरली होती ती. पेतुंग वेळ विचारायचं आणि मग ती बाजूला ठेवून खुशाल मध्यरात्रीला दिवस बदलायचं.

"ती चूक माझी आहे, बु. फोनच्या आतलं ते काम माझंच आहे."

बु मुरवानींनी लेकीसारखा तिचा हात थोपटला. "बहिणीवर माया असावी, न्दुक. पण इतकी नको. रविवारी सकाळी मी परत फोन बघीन. वागे म्हणाला तर ताटं घेऊन येतो. पोन म्हणाला तर सेत्योला मी समजावीन."

त्या गेल्या. तुंजुंग आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, मग बाहेर आली आणि ताईला म्हणाली, "म्बाक, तू आयुष्यभर दुसऱ्यांचे दिवस मोजलेस. माझा एक नीट मोज."

"अगं दोन ओळींचं काम आहे," पिनास्ती म्हणाली. "चहा निवायच्या आत करते."

आणि केलंच तिनं. खरंच दोन ओळी. सूर्यास्त उलटला असेल तर वार आणि बाजारवार दोन्ही एकेक पाऊल पुढं. पण बदल असा की आजवर अख्ख्या जावा बेटावर संध्याकाळी जन्मलेल्या सगळ्यांचे दिवस हलणार. म्हणून धंद्याच्या रिवाजाप्रमाणे तिनं आवृत्ती दोनची तीन केली. लोकांना आधीच कळावं, की बाबांनो, इथं काहीतरी मोठं हललंय, बघून घ्या. हा रिवाज पाळला नाही तर लोक झोपेत नवं घेतात आणि उठून बोंबलतात.

आता राहिलं बाहेर सोडणं. त्याला दार होतं, आणि दाराला कुलूप: सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जात नाही. हे कुलूप पिनास्तीनंच घातलेलं. मागं एकदा तिनं घाईत काहीतरी सोडलं होतं, तेव्हा साऱ्या मध्य जावात लागोपाठ दोन दिवस क्लिवोन आले. क्लिवोनची रीत म्हणून लोकांनी दोनदा कबरींवर फुलं वाहिली. फुलवाल्या बाया अजून तिचं नाव काढून दुवा देतात, पण पिनास्तीनं त्या दिवशी शपथ घेतली. चाचण्या हिरव्या, तरच दार उघडेल.

तिनं चाचण्या सुरू केल्या. सुरूच होईनात.

आता चाचणी म्हणजे काही एकटीदुकटी येत नाही. लग्नाला बोलावलेल्या रुसक्या नातेवाइकांसारखा सगळा गोतावळा बरोबर लागतो. चाचण्या चालवणारं एक अवजार, त्याला मदत करणारी चार, त्या चौघांना लागणारी आणखी कितीतरी. आणि प्रत्येकाची अट. अवजाराची जुनी आवृत्ती म्हणे, मी संगणकाच्या नव्या भाषेत चालणार नाही. नवी आवृत्ती म्हणे, मी जुन्या भाषेत चालणार नाही. सर्व्हरवर नवी भाषा. खेड्यापाड्यांतल्या कचेऱ्यांच्या डबड्या मशीनवर जुनी, आणि पेतुंगनं त्यांनाही शब्द दिलेला. एकाला बसवलं की दुसरा पाट सोडून उठे. तिघांना एका ओळीत बसवलं तर चौथा म्हणे, हा असेल तर मी जेवत नाही.

पिनास्तीनं एकाची आवृत्ती खाली आणली. दोघं पडले. एकाची वर नेली. सगळेच पडले. नेमकं कोण कुणामुळं अडलंय ते शोधायला मशीनला सांगितलं, तर मशीन विचार करत बसलं. सकाळी बसलं, दुपार झाली तरी उत्तर नाही. पंखा असा घोंघावायला लागला, की शेजारी दोरीवर वाळत घातलेल्या साऱ्या सारोंग मशिदीच्या दिशेनं आडव्या झाल्या. लॅपटॉपला हात लावायची सोय राहिली नाही. तेव्हाच आईनं मेणाची कढई आणून त्याच्यावर ठेवली.

"इबू! काय करतेस!"

"तापलंय तर वाया कशाला घालवायचं? गॅस काय फुकट येतो? तुझं चालू दे, मला फक्त मंद आच हवी आहे. फार विचार करायला लावू नकोस त्याला, मेण जळेल."

पिनास्तीनं डोक्याला हात लावला. रडावं की हसावं कळेना, म्हणून ती चरफडत राहिली.

शेवटी एकेकाचे पाय धरून, एकेकाच्या अटीला अट जुळवून तिनं सगळा गोतावळा एकदाचा बसवला. चाचण्या धावल्या. जुन्या सगळ्या हिरव्या. नवी तेवढी एक लाल. तीच, जी ह्या दुरुस्तीसाठी तिनं लिहिली होती. मगरिबनंतर जन्मलेली मुलगी, यायला हवं वागे, आलं पोन.

"असं कसं?" ती मोठ्यानं म्हणाली. परत वाचलं. दोन ओळी ठणठणीत. परत धावली. पोन.

मग तिनं दुसऱ्या पद्धतीनं लिहिलं. पोन. तिसऱ्या पद्धतीनं. पोन. सूर्यास्तच दुपारी आणला. पोन. मग तिचं टाळकं फिरलं आणि तिनं सरळ लिहून टाकलं, की कोणीही, कधीही, कुठंही जन्मो, उत्तर वागे. अख्ख्या जगाला वागे. चाचणी धावली आणि शांतपणे म्हणाली: पोन.

तुंजुंग दारातून डोकावली. "झालं का गं? निवला का चहा?"

"जा तू इथून!"

"विचारलं फक्त. सेत्यो पण विचारत होता, तुमच्याकडे चहा निवायला किती दिवस लागतात म्हणून."

पिनास्तीनं उशी फेकून मारली. आणि मग रागाच्या भरात तिनं पेतुंगच्या ऐन मध्यावर एक शिवी लिहिली. भाषेच्या कुठल्याही व्याकरणात न बसणारी, बाजारातल्या हमालांच्या तोंडची, चांगली लांबलचक. आता हे पॅकेज चालूच शकणार नव्हतं. चालायला गेलं की पहिल्याच घासाला खडा लागायला हवा होता. तिनं चाचण्या लावल्या.

जुन्या सगळ्या हिरव्या. आणि नवी म्हणाली: पोन.

तेव्हा पिनास्तीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती खुर्चीत मागं टेकली. म्हणजे ह्या चाचण्या तिच्याकडे बघतच नव्हत्या! ती इकडे घाम गाळत होती, आणि परीक्षा भलत्याचीच चालली होती. गोतावळ्यात कोणीतरी तिच्या नव्या पेतुंगला गुपचूप मागच्या दारानं बाहेर काढून, बाजारातून जुनं आणून त्याच पाटावर बसवत होतं.

कोण ते सापडायला वेळ लागला नाही. साक्सी. तेही एक पॅकेज, आणि नावाप्रमाणे साक्षीदारच. जुन्या जाणत्यांनी पारखलेले हजारो जन्मवार तिच्यात साठवलेले, आणि तिच्याशी ताडून बघितल्याशिवाय पेतुंगच्या शब्दाला सोलोत कुणी विचारत नसे. तिच्या अटींत एक बारीक ओळ होती: मला पेतुंग लागतं, पण आवृत्ती तीनच्या आतलं. झालं. पिनास्तीनं ज्या क्षणी दोनची तीन केली, त्या क्षणी साक्सीनं नाक मुरडलं, आणि आज्ञाधारक मशीननं तिच्यासाठी जुनी दोन आणून दिली. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता.

साक्सीचा मालक बोंदान. राहायला सालातिगाला. स्वभावानं लोणी. आपल्याकडच्या चांगल्या घरातला मुलगा कसा असतो तसा. "नाही" हा शब्द त्याच्या तोंडातून जन्मात निघालेला नव्हता. कशालाही तो न्गिह म्हणायचा. न्गिह म्हणजे हो. पण तुम्हीआम्ही जाणतो, त्या होचा अर्थ "तुमचं बोलणं कानावर आलं" इतकाच.

पिनास्तीनं फोन लावला.

"मास बोंदान, साक्सीतली ती तीनच्या आतली अट काढा ना. माझ्या बहिणीचं लग्न अडलंय."

"न्गिह म्बाक, काढतो की! अभिनंदन हं."

"कधी काढता?"

"तुमची तीन बाहेर आली की लगेच. म्हणजे माझ्या चाचण्या तिच्यावर चालवून बघतो आणि काढतो."

"अहो, माझी तीन बाहेर येणार कशी? साक्सीनं हिरवं म्हटल्याशिवाय माझं दार उघडत नाही."

"न्गिह, खरं आहे."

"म्हणून तुम्ही आधी काढा."

"न्गिह. पण तीन नसताना तीनला हो कसं म्हणायचं? माझंही दार उघडत नाही, म्बाक. तुमचं बघूनच मी कुलूप घातलं. तुम्ही आधी. मोंग्गो."

"नाही हो, तुम्ही आधी. मोंग्गो!"

"छे छे, तुमचं पॅकेज थोरलं. माझं त्याच्या जिवावर वाढलेलं. थोरल्याच्या पुढं पाऊल टाकायचं म्हणजे... घरी आईला कळलं तर काय म्हणेल?"

"मास बोंदान, तुमची आई पॅकेज बघते?"

"बघत नाही. पण कळतं तिला."

पिनास्तीला वाटलं, फोनमधून हात घालून ह्याची मानगूट धरावी. दाराशी दोन सभ्य माणसं उभी राहिली, की दोघं एकमेकांना "मोंग्गो, मोंग्गो", आधी तुम्ही, म्हणत राहतात आणि आत जेवण निवून जातं, तसला हा प्रकार. फक्त इथं जेवणाऐवजी तुंजुंगचा संसार निवत होता. ती चिडली, तिनं विनवलं, शेवटी ती गप्प झाली. पलीकडून बोंदान मधूनमधून "न्गिह" म्हणत होता. कुणी काही बोलत नसतानाही.

दार मात्र डोळ्यांपुढून हलेना. खरंच, आपल्याकडे अशा वेळी काय होतं? दिवसभर तर कुणी उंबऱ्याबाहेर उभं राहत नाही. थोरला आत जात नाही, धाकटा पुढं होत नाही. मग थोरला काय करतो? अर्धं पाऊल टाकतो. उंबऱ्यावर नुसती टाच टेकवतो. आत गेला असंही नाही, नाही गेला असंही नाही. तेवढ्यानं धाकट्याला मोकळं होतं; तो वाकून आत शिरतो, आणि मग थोरला खरा आत येतो.

"मास बोंदान," ती ताठ बसली, "मी तीनची कच्ची आवृत्ती सोडते. कच्चीला माझ्या दारावर कुलूप नाही. 'चाखून बघायची, वाढायची नाही' असं तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यामुळं कुणाच्या ॲपमध्ये ती आपण होऊन जाणार नाही. पण तुम्ही नावानं मागितलीत तर मिळेल. तिच्यावर तुमच्या चाचण्या चालवा."

पलीकडं बोंदाननं 'कच्ची, नावानं' असं पुटपुटत लिहून घेतलं.

"म्हणजे तुम्ही आधी?" बोंदान म्हणाला.

"अर्धी."

"मग चालेल. अर्धं पुरे."

तिनं शिवी पुसली, अख्ख्या जगाचं वागे पुसलं, दोन ओळी परत जागच्या जागी घातल्या आणि कच्ची आवृत्ती बाहेर ठेवली. बोंदान न्गिह म्हणाला. आणि ह्या गोष्टीतलं खरं आश्चर्य इथं आहे, की म्हणाला आणि केलंसुद्धा. साक्सीची अट चारच्या आतली झाली. पिनास्तीनं गोतावळा परत बसवला. आता कुणी मागच्या दारानं गेलं नाही. पहिल्यांदाच चाचण्यांनी तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं.

आणि जिकडंतिकडं लाल.

अर्थातच! इतका वेळ परीक्षा भलत्याचीच चालली होती. आता खरी सुरू झाली. साक्सीतले संध्याकाळचे जुने जन्म एकेक करून उभे राहिले. कुणी पार बान्यूवांगीचा, जिथं सूर्य सोलोच्या आधी बुडतो. कुणाची वेळ नोंदलेलीच नाही. कचेऱ्यांच्या डबड्या मशीनवर सूर्यास्ताचं गणितच बसेना. पिनास्ती एकाला गप्प करी, तोवर दुसरा ओरडे. आई येऊन लॅपटॉपवर हात ठेवून बघे आणि म्हणे, "आज नीट तापत नाही गं," आणि हिरमुसून परत जाई. तुंजुंगनं टोमणे मारणं सोडलं होतं. ती नुसती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. टोमण्यांपेक्षा ते वाईट होतं.

शनिवारी मगरिबची अजान संपली, आणि शेवटचं लाल हिरवं झालं. दार उघडलं. तीन बाहेर गेली. पिनास्तीनं लॅपटॉप मिटला, त्याच्यावरचं मेण नखानं खरवडलं आणि तिथंच डोकं टेकून झोपली.

रविवारी सकाळी बु मुरवानींनी चष्मा लावला, देवाचं नाव घेतलं आणि फोनमध्ये तुंजुंगची जन्मवेळ घातली. फोन क्षणभर थांबला. मग त्याच्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: बुधवार वागे. बेरीज झाली आणि पेगातच्या जागी आलं रातु. राजाराणीचा संसार! बु मुरवानी तो फोन घेऊन अख्ख्या गल्लीत फिरल्या. "बघा, मी म्हटलं नव्हतं? फोन कधी चुकत नाही!" दुपारच्या आत ताटं आली. केळ्यांचे घड, वाजिक आणि जादाह ही चिकट तांदळाची मिठाई, बाटिकची थानं. ताटांची रांग एवढी लांब, की पहिलं ताट ओसरीवर टेकलं तेव्हा शेवटचं अजून सेत्योच्या घरातून निघायचं होतं. आणि तुंजुंगनं सगळ्यांसमोर पिनास्तीच्या गळ्यात पडून...

"म्बाह, जरा थांबा."

बाकाच्या टोकाला बसलेल्या चष्मेवाल्या तरुणानं भज्याचा तुकडा तसाच बशीत ठेवला होता. एवढा वेळ तो खाली मान घालून म्हाताऱ्याची, म्हणजे माझी, गोष्ट ऐकत होता.

"लॅपटॉपवरचं मेण मी ऐकून घेतलं. आडव्या झालेल्या सारोंगही घेतल्या. पण बु मुरवानींच्या फोनमधलं ते ॲप आम्ही बनवतो. मी आणि माझा भाऊ. त्याच्यातलं पेतुंग आम्ही दोनवर ठोकून बसवलंय. तीन घेतली की आमच्या चाचण्या पडतात, आणि त्या दुरुस्त करायला आम्हाला अजून सवड झालेली नाही. आज, आत्ता, हा घ्या फोन, तुंजुंगची वेळ घाला: मंगळवार पोनच येतं. मग त्या रविवारी त्यांना वागे दिसलं कुठून? साफ खोटं बोलताय तुम्ही, म्बाह!"

मेण गिळलंत, सारोंग गिळल्या, आणि घशात अडकलं ते एवढंच, मग मी आधीच सांगितलं नव्हतं का, विश्वास बसणार नाही म्हणून!